घंटा कोण वाजवतो?



शाळा सुरू झाल्या की धर्मशिक्षणाच्या वर्गाला मुलांना सोडायला येणाऱ्या आईवडिलांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते. "आमच्या वेळी मुलं तासन्‌तास एका जागी बसायची, आताची पाच मिनिटं टिकत नाहीत." गुन्हेगार कोण हेही लगेच ठरते, मोबाइल! मग कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली माहिती ऐकवते की माणसाचे लक्ष आता आठच सेकंद टिकते, म्हणजे काचेच्या भांड्यातल्या सोनेरी माशापेक्षाही कमी. ऐकणारे माना हलवतात आणि पुन्हा आपापल्या फोनकडे वळतात.

ही आठ सेकंदांची गोष्ट आधी बाजूला ठेवू या. ती २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेने काढलेल्या एका अहवालातून जगभर पसरली. तो आकडा त्यांनी स्वतः मोजलेला नव्हता, एका संकेतस्थळावरून उचललेला होता, आणि त्या संकेतस्थळामागे धड संशोधन सापडले नाही. पण आकडा खोटा निघाला म्हणून पालकांची काळजी खोटी ठरत नाही. म्हणून आज या विषयाच्या थोडे मागे जाऊ. मुलांचे लक्ष विचलित होते ही तक्रार नवी की जुनी? पूर्वीच्या लोकांनी तिच्यावर काय उपाय केले? आणि आजच्या फोनमध्ये असे काय आहे, जे त्या वेळी नव्हते?

वाळवंटातली खिडकी

लक्ष लागत नाही ही तक्रार आपल्या ख्रिस्तसभेत किमान सोळाशे वर्षे जुनी आहे, आणि ती पहिल्यांदा बारकाईने मांडली ती मुलांविषयी नव्हे. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळवंटात केलिया नावाची वस्ती होती. तिथे संन्यासी एकेकट्या खोल्यांत राहत. इव्हाग्रियस हा त्यांपैकीच एक. कॉन्स्टँटिनोपलसारख्या राजधानीत नाव कमावलेला हा विद्वान माणूस सगळे सोडून तिथे आला आणि ३९९ साली तिथेच वारला. प्रार्थनेला बसलेल्या माणसाच्या मनात काय काय चालते याची त्याने जणू नोंदवहीच ठेवली.

भर दुपारी येणाऱ्या एका त्रासाचे त्याने केलेले वर्णन वाचले की आजच्या वर्गातला मुलगा डोळ्यांपुढे येतो. संन्याशाला वाटते, सूर्य जागचा हलतच नाही. दिवस संपता संपत नाही. तो पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, दाराबाहेर डोकावतो, कोणी भेटायला येतंय का याचा कानोसा घेतो. जागा नकोशी होते, काम नकोसे होते. या अवस्थेला ग्रीक भाषेत 'अकेडिया' म्हणत. इव्हाग्रियसच्या खोलीत ना फोन होता, ना टीव्ही, ना शेजारचा लाउडस्पीकर. खिडकी मात्र होती. तेवढी पुरली.

त्याच काळात जॉन कॅसियन हा तरुण संन्यासी जर्मानुस नावाच्या मित्राबरोबर इजिप्तमधल्या वडीलधाऱ्या तपस्व्यांना भेटत फिरला. पुढे फ्रान्समधल्या मार्सेय शहरात त्याने त्या भेटींची टिपणे लिहून काढली. दोघांची तक्रार साधी होती. एक स्तोत्र म्हणायला घ्यावे, तर मन दुसऱ्यावर उडी मारते. एक विचार धरावा, तर तिसराच येऊन बसतो. त्यावर आब्बा मोझेस या वृद्धाने त्यांना पाणचक्कीचा दाखला दिला. पाणी वाहते आहे तोवर चक्की फिरणारच, ती थांबवणे चक्कीवाल्याच्या हाती नाही. गहू दळायचा की तण, हे मात्र त्याच्या हाती आहे.

आपल्या आजीच्या जात्यालाही हा दाखला लागू पडतो. मन फिरणारच. जात्यात मूठ कोण टाकतो, प्रश्न तेवढाच आहे.

घंटेचा शोध

सहाव्या शतकात इटलीमध्ये संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी नियमावली लिहिली. तिच्यात माणसाच्या दुबळेपणाची पक्की जाण दिसते. वाचनाची वेळ ठरवून दिली म्हणजे सगळे वाचतीलच, असा भाबडा विश्वास त्यांनी ठेवला नाही. त्या वेळेत एक-दोन ज्येष्ठ बंधूंनी मठात फेरी मारावी आणि कोणी वाचन सोडून गप्पा छाटत तर नाही ना हे पाहावे, असा नियम त्यांनी घातला. कारणही दिले. असा माणूस स्वतःचे नुकसान करतो आणि दुसऱ्याचेही लक्ष घालवतो. ज्या शिक्षकाने वर्गात एक फोन वाजल्यावर चाळीस माना वळताना पाहिल्या आहेत, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

दुसरा नियम घंटेचा. प्रार्थनेची खूण कानी पडताच हातातले काम आहे तसे टाकून निघायचे. दिवसाचे ठरावीक भाग, प्रत्येक भागासाठी ठरावीक काम आणि एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी घंटा. लक्ष ही एकेकट्याच्या इच्छाशक्तीवर सोडून देण्याची गोष्ट नव्हे, सगळ्यांनी मिळून तिची बांधणी करावी लागते, हे या माणसांनी ओळखले होते. युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीस यांत्रिक घड्याळे आली, तीही आधी काटे दाखवण्यापेक्षा घंटा वाजवण्यासाठी. इंग्रजीतला घड्याळाचा शब्दसुद्धा घंटेच्या लॅटिन नावावरून आला आहे.

आपली मराठीही हेच सांगते. 'घटका' म्हणजे मुळात बुडाला भोक असलेले छोटे भांडे. ते पाण्यावर सोडायचे आणि भरून बुडाले की चोवीस मिनिटे झाली असे समजायचे. 'तास' म्हणजे मुळात वेळ कळवण्यासाठी ज्यावर टोला देत ती धातूची थाळी. तिचेच नाव पुढे साठ मिनिटांना मिळाले आणि तिथून शाळेत गेले. आजही आपण 'गणिताचा तास' आणि 'मराठीचा तास' म्हणतो. म्हणजे ज्याला आपण वर्ग म्हणतो, त्याच्या नावातच एक टोला दडलेला आहे.

गोव्यातल्या आणि बेळगावकडच्या ख्रिस्ती घरांना वेगळी घंटा ठाऊक आहे, तिन्हीसांजेची आंजेलूसची. दुपारच्या घंटेबरोबर प्रार्थना करण्याचा आदेश पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी १४५६ साली, बेलग्रेडवर तुर्कांची स्वारी आली असताना दिला होता. संध्याकाळची घंटा त्याहूनही जुनी. ती वाजली की शेतातला माणूस थबके, चुलीपुढची बाई हात पुसून उभी राही आणि खेळणारी मुले घराकडे पळत. घंटेला जातधर्मही नसतो. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर मराठ्यांनी चर्चमधल्या घंटा नेल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा त्यांतलीच. तिचा आवाज एवढा मोठा की मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण अजून 'नारोशंकराची घंटा' म्हणतो.

या सगळ्या घंटांचे चार गुण लक्षात ठेवू या, पुढे ते लागणार आहेत. घंटा सगळ्यांसाठी एकच वाजते. ती ठरलेल्या वेळी वाजते. ती कोण वाजवतो आणि कशासाठी, हे गावाला माहीत असते. आणि वाजून झाली की ती गप्प होते.

शाळेने लक्ष कसे घडवले

मुले पूर्वी आपोआप शांत बसत, हा आपला समज शाळांचा इतिहास खोडून काढतो. येशूसंघीयांनी १५९९ साली आपल्या सगळ्या शाळांसाठी अभ्यासाचा आराखडा पक्का केला. गोव्यातल्या त्यांच्या विद्यालयांनाही तो लागू होता. त्यात शिक्षकाने नुसते बोलत राहावे आणि मुलांनी ऐकत राहावे अशी अपेक्षा नव्हती. वेळेचे तुकडे पाडलेले होते. आधी पाठांतर, मग नवा पाठ, मग उजळणी, आणि मध्ये जोड्या लावून चढाओढ. मुलाचे मन घटकाभरात भरकटते हे गृहीत धरूनच ती रचना केलेली होती.

त्याच येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ चर्चमध्ये वाचला-गायला जाई आणि लोक तो ऐकत. एवढा मोठा ग्रंथ लोकांनी ऐकला तो ओवीच्या लयीमुळे, प्रश्नोत्तरांच्या मांडणीमुळे आणि शेजारी सगळे गाव ऐकत बसले होते म्हणून. एकट्याला अवघड जाणारी गोष्ट समुदायात सोपी होते. जपमाळेचेही तसेच आहे. एकट्याने म्हणताना दुसऱ्याच रहस्याला डुलकी लागते, घरच्यांबरोबर पाचही सहज पार पडतात.

पुढची मोठी घडामोड भारतातच, मद्रासमध्ये झाली. डॉ. अँड्र्यू बेल हे स्कॉटिश पाद्री १७८९ पासून तिथल्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख होते. एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली आणि ती रीत उचलली. शिक्षक कमी होते, म्हणून मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे असे ठरवले. १७९७ साली लंडनमध्ये त्यांचे पुस्तक निघाले. जोसेफ लँकेस्टर यांनीही अशीच पद्धत तिथे चालवली आणि एका दालनात शेकडो मुले खुणा व हुकमांवर शिकू लागली. या पद्धतीवर टीकाही झाली, मुलांना यंत्रासारखे हलवले जाते म्हणून. ती टीका खरी होती. लक्ष मिळवण्याच्या नादात मूल हरवू शकते, हाही धडा या इतिहासात आहे.

प्रत्येक पिढीची भीती

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहू. नवे साधन आले की वडीलधारी मंडळी घाबरतात, ही रीतही जुनी आहे. लिहिण्याची सवय लागली की माणसांची स्मरणशक्ती जाईल, ही भीती प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडी घातली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत तरुण मुलामुलींना कादंबरीवाचनाचे व्यसन लागले म्हणून मोठा गदारोळ झाला होता. आज मूल कादंबरी वाचताना दिसले तर आपण मेणबत्ती लावू! पुढे रेडिओची भीती आली, मग टीव्हीची.

टीव्हीचे उदाहरण तर आपल्याच भागातले आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने भारतातल्या सहा राज्यांतील २,४०० गावांत टीव्ही पोहोचवला गेला. त्यांत कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेशही होते. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम असत आणि संध्याकाळी गावासाठी. पण संच गावात एकच, पाहणारे सगळे एकत्र, वेळ ठरलेली, आणि कार्यक्रम संपला की पडदा काळा. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी रामायण मालिकेच्या वेळी रस्ते ओस पडत, ते आठवणारे वाचक असतील. तेही वेड होते, पण ते वेड दहा वाजता संपत असे. वर सांगितलेले घंटेचे गुण त्या टीव्हीतही बऱ्याच अंशी शिल्लक होते.

म्हणून प्रत्येक नव्या साधनाला सैतान ठरवायचे कारण नाही. पण 'पूर्वीच्या भीती फोल ठरल्या, तेव्हा हीही फोल ठरेल' हा निष्कर्षही घाईचा आहे. आधी हे साधन काय करते ते पाहावे लागेल.

खिशातली घंटा

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. तो फोन म्हणजे फक्त फोन होता. त्याची घंटा वाजली की पलीकडे कोणी ओळखीचे माणूस असे. २००७ मध्ये आयफोन आला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत फोनवरची अ‍ॅप्स स्वतःहून सूचना पाठवू लागली. खाली सरकवत राहा, पान संपतच नाही, अशी रचना एझा रॅस्किन या तंत्रज्ञाने २००६ मध्ये केली होती. पुढे तिच्याबद्दल त्याने स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला. पुस्तकाचे प्रकरण संपते, वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते, मिस्सा संपल्यावर भाविकांना निरोप दिला जातो. या पडद्याला मात्र शेवटच ठेवलेला नाही.

आता ते चार गुण पुन्हा आठवा. खिशातली ही घंटा सगळ्यांसाठी एकच वाजत नाही, प्रत्येकाची निराळी वाजते. तिला वेळ नाही. ती कोण वाजवतो हे मुलाला दिसत नाही, कारण पलीकडे माणूस नसून हिशेब असतो. मूल जितका वेळ पडद्यावर राहील, तितक्या जास्त जाहिराती त्याला दाखवता येतात. आणि ती कधीच गप्प होत नाही. कादंबरीच्या किंवा रेडिओच्या काळी हे चारही गुण एकदम गेलेले नव्हते. नवेपण इथे आहे.

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहा. लोकांना बौद्धिक चाचण्या दिल्या. काहींचा फोन टेबलावर पालथा ठेवलेला, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा शेजारच्या खोलीत. आवाज सगळ्यांचे बंद. ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांची कामगिरी टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा चांगली झाली. पुढे इतरांनी केलेल्या अशा प्रयोगांत प्रत्येक वेळी तेच निष्पन्न झाले असे नाही, म्हणून त्यावर सगळी इमारत उभारू नये. पण खिडकीकडे न पाहण्यासाठीही मनाला बळ खर्चावे लागते, हे इव्हाग्रियसने ओळखले असते.

कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापिका ग्लोरिया मार्क अनेक वर्षे लोकांना काम करताना न्याहाळत आल्या आहेत. २००४ मध्ये माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे थांबत असे, २०१२ मध्ये ७५ सेकंद, आणि नंतरच्या मोजण्यांत सुमारे ४७ सेकंद. इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. हे आकडे मुलांचे नाहीत, कामावर असलेल्या मोठ्या माणसांचे आहेत. आणि जवळजवळ निम्म्या वेळा त्यांचे लक्ष बाहेरून कोणी मोडले नव्हते, ते त्यांनी स्वतःच मोडले होते. घंटा वाजायची थांबली तरी आपण ती मनातल्या मनात वाजवत राहतो.

दारातला दंडक

शाळांनी फोनला अडवण्याचा इतिहासही वाकडातिकडा आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने १९८९ मध्ये शाळेत पेजर आणण्यावर बंदी घातली, पण कारण लक्षाचे नव्हते. मादक द्रव्यांच्या व्यापारात पेजर वापरले जात. पुढे १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, २००१ मध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि पालकच म्हणू लागले की मूल आमच्या हाकेच्या अंतरावर हवे. बंद्या सैल झाल्या.

न्यूयॉर्क शहराने २००६ मध्ये बंदी कडकपणे राबवायला घेतली. ज्या शाळांच्या दारात धातुशोधक यंत्रे होती तिथे फोन लपवणे अशक्य, म्हणून बाहेर गाड्या उभ्या राहू लागल्या. दिवसाला एक डॉलर द्या, फोन गाडीत ठेवा. अशी यंत्रे बहुतेक गरीब वस्त्यांतल्या शाळांत होती, म्हणजे भुर्दंड गरिबांच्या मुलांनाच पडला. २०१५ मध्ये बंदी उठली. आणि सप्टेंबर २०२५ पासून न्यूयॉर्क राज्यात पुन्हा बंदी आली. त्या नियमाचे बोलीतले नाव काय, तर 'घंटेपासून घंटेपर्यंत'. शाळेची पहिली घंटा ते शेवटची घंटा.

फ्रान्सने २०१० मध्ये वर्गात आणि २०१८ मध्ये, साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत, दिवसभर फोनवापर बंद केला. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानुसार तेव्हा चारपैकी एकाहूनही कमी देशांत अशी बंदी होती. २०२४ च्या अखेरीस ती ७९ शिक्षणव्यवस्थांत, म्हणजे सुमारे ४० टक्के ठिकाणी पोहोचली.

आपल्याकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ मध्येच शाळांना मोबाइल रोखण्याचे परिपत्रक काढले होते. मग मार्च २०२० आला. शाळांना कुलपे लागली आणि ज्या वस्तूला दारात अडवले होते तिच्यातच शाळा भरू लागली. वडिलांचा फोन कामावर, आईचा फोन धाकट्याला, थोरलीचा तास बुडाला, असे कितीतरी घरांत घडले. फोन घ्यायला कर्ज काढणारेही होते. त्यामुळे 'पालकांनीच मुलांच्या हाती फोन दिला' असे म्हणताना आपण थोडे थांबले पाहिजे. तो आधी शिकण्यासाठीच दिला गेला होता. ग्रामीण भारतातील मुलांविषयीच्या 'असर' अहवालात २०२४ मध्ये काय दिसले? १४ ते १६ वर्षांच्या सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात मधला मार्ग दाखवला. सरसकट बंदी अव्यवहार्य आहे, पण वर्गात फोन नको. शक्य तिथे तो शाळेत आल्यावर जमा करावा, आणि फोन जबाबदारीने कसा वापरावा हे मुलांना शिकवावे.

बंदीचा उपयोग होतो का? इंग्लंडमधल्या ९१ शाळांच्या २०१५ च्या अभ्यासात बंदीनंतर निकाल सुधारलेले दिसले, आणि सर्वाधिक फायदा अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला. हुशार मुलांना फरक पडला नाही. स्वीडनमध्ये तसाच अभ्यास झाला तर परिणाम दिसला नाही. २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने ३० शाळांतील १,२२७ मुलांची पाहणी केली. बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतील मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक नव्हता, कारण शाळेत वाचलेला वेळ दिवसभराच्या एकूण वापरात फारसा दिसतच नव्हता. पण जी मुले एकूणच फोनवर जास्त वेळ घालवत, त्यांची झोप आणि वर्गातले वागणे दोन्ही खालावलेले होते.

म्हणजे शाळा दारात फोन काढून घेऊ शकते, पण संध्याकाळ शाळेच्या हातात नसते. ती आपल्या हातात आहे.

गावाने वाजवलेली घंटा

इथे आपल्या शेजारच्या गावांनी काय केले ते पाहण्याजोगे आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुले अभ्यासाला. त्याच जिल्ह्यातल्या आग्रण धुळगावानेही ही वाट धरली, आणि त्यांचे पाहून डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या बेळगाव तालुक्यातल्या हलग्याने सात ते नऊ असे दोन तास ठरवले.

सरकारी कायदा नाही, दंड करणारे यंत्र नाही. पण घंटेचे चारही गुण परत आले आहेत. भोंगा सगळ्यांसाठी एकच, वेळ ठरलेली, वाजवणारा ओळखीचा, आणि वाजून झाल्यावर शांतता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो मोठ्यांसाठीही वाजतो. आई मालिका पाहत असताना मुलीला पुस्तक उघड म्हणून सांगण्याची सोयच त्याने ठेवलेली नाही.

आपल्या घरांत सात वाजता पूर्वी काय होत असे, हे मी सांगायला नको. हातपाय धुऊन मुले आल्टारपुढे बसत आणि जपमाळ होई. ती प्रार्थना तर होतीच, पण मुलाच्या दिवसातला तो एक शांत तुकडाही होता. पडद्याविना, सगळ्यांबरोबर, सुरुवात आणि शेवट असलेला. आधी टीव्ही आला तेव्हा मालिकेच्या वेळेनुसार आपण तो मागेपुढे केला. नंतर प्रत्येकाच्या हाती फोन आला आणि कित्येक घरांत तो नाहीसाच झाला. मुलांचे लक्ष गेले असे म्हणण्याआधी, जिथे ते लक्ष घडत होते ती जागा आपण कधी उठवली, हे आठवावे लागेल.

धर्मग्रामाने काय करावे याची लांबलचक यादी मी देत नाही. तीन साध्या गोष्टी मात्र सुचवतो. धर्मशिक्षणाच्या वर्गाला दारात एक टोपली असावी, आणि तिच्यात पहिला फोन शिकवणाऱ्याचा पडावा. घरात एक तास ठरावा, पाऊण तास का होईना, पण तो रोज त्याच वेळी यावा आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसालाही लागू असावा. आणि ज्या घरात एकच फोन आहे, जिथे मुलगी त्याच फोनवर अभ्यास करते, तिथे आपण उपदेश घेऊन जाऊ नये. तिला फोन मिळण्याची वेळच कमी आहे. तिला दुसरे काही हवे आहे, बसायला जागा, दिवा, आणि जवळ बसून ऐकणारे कोणीतरी. आपल्या चर्चच्या सभागृहात संध्याकाळी या तिन्ही गोष्टी सहज होऊ शकतात.

पवित्र शास्त्रात बाळ शमुवेलाची गोष्ट आहे. रात्री त्याला हाक ऐकू येते, तो उठून वृद्ध एलीकडे धावतो. एली म्हणतो, मी हाक मारली नाही, जाऊन झोप. असे तीनदा होते. मुलाचे कान तीक्ष्ण आहेत, तो आळशीही नाही. हाक कोणाची आहे एवढेच त्याला ओळखता येत नाही. ते त्याला शिकवतो एली, ज्याची स्वतःची दृष्टी मंदावली आहे आणि ज्याच्या स्वतःच्या घरात सारे काही आलबेल नाही. तिसऱ्या वेळी त्याच्या लक्षात येते की कोण बोलावत आहे, आणि तो मुलाला कसे थांबायचे, कसे ऐकायचे ते सांगून परत पाठवतो.

आपली मुलेही दिवसातून शंभर हाकांना उठून धावतात. त्यांचे कान चांगले आहेत. प्रत्येक हाक कोणाची, कशासाठी, आणि कोणत्या हाकेला उत्तर द्यायचे, हे त्यांना शेजारी बसून सांगणारा एली हवा आहे. तो निर्दोष असावा लागत नाही. त्या वेळी तो जवळ असावा आणि त्याच्या हातात फोन नसावा, इतके पुरे.

प्रभू आपल्या घरांना शांत संध्याकाळ देवो. आमेन.